शेवटच्या बाकाचा मान

खरी नम्रता शतकातून एखाद्यालाच साधते, आणि या शतकात ती कोणाला साधली आहे हे सांगणं माझ्या तत्त्वात बसत नाही. एवढंच सांगतो की तो माणूस पाणीपुरवठा खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाला आहे, आमच्याच घरात राहतो आणि स्वतःचा चष्मा सापडत नसल्यामुळे सध्या बायकोचा लावून बसला आहे.

या नम्रतेचा उगम पहिल्या बाकावर झाला. आमच्या चर्चमध्ये पहिला बाक माझा आणि हेडमास्तरांचा. हेडमास्तर आता शाळेत नाहीत, पण शाळा त्यांच्यातून गेलेली नाही. शेजारच्या घरात राहतात आणि आमच्या कुंड्यांना पाणी जास्त झालं की कुंपणावरून शेरा मारतात. गेली कित्येक वर्षं आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून गीतं म्हणतो. ते वेगात म्हणतात, मी सुरात म्हणतो. (त्यांचं मत उलट आहे.) आमच्या मागच्या बाकावर, पंख्याखाली, माझी बायको.

त्या रविवारचा शास्त्रपाठ मेजवानीच्या दाखल्याचा होता. कोणी जेवायला बोलावलं तर धावत जाऊन मानाच्या जागेवर बसू नये. आपल्यापेक्षा मोठा पाहुणा आला की यजमान आपल्याला उठवतो आणि चारचौघांत शोभा होते. त्यापेक्षा मुकाट्यानं अगदी शेवटी बसावं, म्हणजे यजमान आपण होऊन येतो आणि म्हणतो, मित्रा, असा वर ये. हा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण पहिल्या बाकावरून ऐकताना तो नेहमी मागच्या लोकांसाठी आहे असं वाटायचं. आमचे पाळकसाहेब वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढे. ‘मानाची जागा’ म्हणताना ते मध्येच थांबले आणि त्यांनी आमच्या बाकाकडे पाहिलं.

हेडमास्तरांनी मला कोपरानं ढोसलं. “तुमच्याबद्दल बोलताहेत.”

“पाहताहेत तुमच्याकडे,” मी म्हटलं.

“बोलताना तुमच्याबद्दल, पाहताना माझ्याकडे. पोरगं भिडस्त आहे.”

हे इथेच संपलं असतं. पण प्रवचनानंतर पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या. चर्चच्या इमारतीला शंभर वर्षं होत होती. शताब्दीच्या उपासनेला बिशपसाहेब स्वतः येणार होते, आणि आभाराच्या प्रार्थनेसाठी ते मंडळीतल्याच एकाला आयत्या वेळी पुढे बोलावणार होते. कोणाला, ते ठरलेलं नव्हतं. बिशपसाहेबांना म्हणे ते समोर मंडळी पाहिली की सुचतं.

आता एक गोष्ट मनमोकळेपणानं सांगतो. मला आयुष्यात कोणी कधी पुढे बोलावलेलं नाही. खात्यातल्या माझ्या निरोपसमारंभाला मोठे साहेब येणार होते, त्यांची गाडी बंद पडली. पुष्पगुच्छ शिपायानं दिला, आणि त्याला जी चिठ्ठी होती तिच्यावर ‘नवदांपत्यास शुभेच्छा’ असं लिहिलेलं होतं. माझं भाषण खिशातच राहिलं. तेव्हापासून मनात एकच इच्छा आहे: मरण्यापूर्वी एकदा, भर सभेत, कोणा मोठ्या माणसानं बोटानं खूण करून म्हणावं, ‘तुम्ही. पुढे या.’ यात अहंकार कसला? अहंकारी माणसाला तर बोलवावंसुद्धा लागत नाही.

आणि इथे तर शास्त्रातच रीतसर कार्यपद्धती दिलेली! शेवटी बसावे, यजमान येईल, वर बोलावील. माझं उभं आयुष्य खात्याचे नियम वाचण्यात गेलं, पण एकही पोटकलम नसलेला इतका सुटसुटीत नियम मी पाहिला नव्हता.

दुपारी जेवताना मी घरात जाहीर केलं, “पुढच्या रविवारपासून मी शेवटच्या बाकावर बसणार आहे.”

“का? पाळकांनी उठवलं?” बायकोनं विचारलं.

“नम्रता म्हणून.”

ती वाढता वाढता थांबली. “बरं झालं. मग आजपासून आपलं ताट आपण घासा.”

“ती वेगळी नम्रता.”

“अगंबाई! किती प्रकारची येते?”

मी हा विषय वाढवला नाही. तिलाही मागे बसण्याचं आमंत्रण दिलं. ती म्हणाली, “मी माझ्या जागेवरच बरी आहे. पंख्याखाली बसल्याशिवाय मला देवाचं काही ऐकू येत नाही.” काही माणसांना आध्यात्मिक प्रगतीची आवडच नसते.

पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी गेलो आणि शेवटच्या बाकावर, कोपऱ्यात, मान खाली घालून बसलो. चर्चमध्ये घंटा वाजवणं, झाडलोट आणि खिडक्या उघडणं ही कामं एकच गृहस्थ करतात. त्यांना सगळे घंटावाले म्हणतात. ते हातात फडकं घेऊन आले.

“साहेब, आज इकडे कुठे? तुमचं तिकडे.”

“आजपासून मी इथे.”

“इथे नाही बसता यायचं. हा बाक उशिरा येणाऱ्यांचा आहे. तुम्ही वेळेवर आलात.”

“मग मी काय करू?”

“उशिरा या.”

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी उठलो, बाहेर गेलो आणि उशीर होईपर्यंत पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. वक्तशीर माणसाला उशीर करणं किती जड जातं याची उशिरा येणाऱ्यांना कल्पना नसते. येणारा जाणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. आमच्या गल्लीत एक कंपाउंडर आहेत. दवाखाना सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, पण औषध देण्याची सवय सुटलेली नाही. ते टाकीपाशी आले.

“इथे काय करताय?”

“उशीर व्हायची वाट बघतोय.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग माझं मनगट हातात घेऊन नाडी मोजली आणि आत गेले.

पहिलं गीत संपल्यावर मी आत शिरलो. शेवटच्या बाकावर एक तरुण आई होती, तिच्या मांडीवर दात येत असलेली मुलगी होती, आणि त्यापलीकडे आमचे टेलर होते, जे उपासनेला नियमानं येतात आणि नियमानं झोपतात. उरलेल्या जागेत माझ्या शरीराचा निम्मा भाग बसला. निम्मा उपासना संपेपर्यंत अधांतरी होता. मुलीनं तोंडातलं बिस्किट काढून आधी माझ्या बाहीला, मग चष्म्याला लावलं आणि शेवटी, मी डोळे मिटून प्रार्थना करत असताना, माझ्या कानात घातलं. मी हूं की चूं केलं नाही. एवढी सहनशीलता दाखवली आणि ती पाहायला समोर फक्त पाठी होत्या! नम्रतेत ही एक मोठीच गैरसोय आहे. ती मागे बसून करावी लागते, आणि लोकांचे डोळे पुढे असतात. म्हणून मी अधूनमधून खोकलो. त्यामुळे टेलर जागे झाले आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच चर्चमध्ये झोपलो होतो.

बुधवारपर्यंत गल्लीला खुलासा मिळाला होता. चर्चच्या शेवटच्या बाकाला लागून दार आहे आणि दाराबाहेर चार पावलांवर स्वच्छतागृह. कंपाउंडरांनी नाडी आणि नकाशा एकत्र जुळवला होता.

“लाजायचं काय त्यात?” ते आमच्या फाटकावर रेलून, समोरच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले. “या वयात सगळ्यांचंच होतं. दुपारनंतर पाणी बंद करा.”

“अहो, मला काहीही झालेलं नाही.”

“सगळे असंच म्हणतात. मग एक दिवस मध्येच उठावं लागतं.”

समोरच्या काकूंनी कसलीशी पूड पाठवली. इस्त्रीवाल्यानं एक पत्ता दिला. त्याच्या सासऱ्याला गुण आला होता. मेव्हणीचा फोन आला आणि ती बायकोपाशी रडली. बायकोनं तिला समजावलं, “अगं, तसं काही नाही गं. डोक्याचं आहे.”

रविवारी पाळकसाहेबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना आवाज हळवा केला. “आणि हे प्रभो, आमच्या एका ज्येष्ठ बंधूंना, जे वर्षानुवर्षं पहिल्या बाकावर बसत होते आणि ज्यांना आता दाराजवळ बसणं सोयीचं पडतं, त्यांना धीर दे.” सगळ्या मंडळीनं ‘आमेन’ म्हटलं. टेलर जागे होते. त्यांचा आमेन सगळ्यांत मोठा होता. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि मला कडेची जागा दिली.

मी सगळं आयुष्य पाणीपुरवठ्यात काढलं. माझ्यावरच हा आळ!

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. नम्रतेच्या मागचं कारण नम्रताच आहे हे लोकांना लेखी कळणं भाग होतं. मी चर्चच्या पंचकमिटीला अर्ज केला. विषय: नम्रतेच्या कारणास्तव शेवटच्या बाकावर बसण्यास परवानगी मिळणेबाबत. भाषा नेटकी होती. शेवटी ‘आपला अतिनम्र’ असं लिहून ‘अति’खाली रेघ मारली होती. कमिटीपुढे मला बोलावण्यात आलं. म्हणजे बाहेरच्या व्हरांड्यात बसवून ठेवण्यात आलं आणि मग आत घेतलं.

सेक्रेटरी म्हणाले, “हे बघा, नम्रता हे कारण आम्ही आजवर कधी मंजूर केलेलं नाही. गुडघेदुखी चालते. लहान मूल चालतं.”

“पण शास्त्रात आधार आहे.”

“शास्त्राचं ठीक आहे हो, पण पायंडा पडेल. उद्या सगळेच नम्र झाले तर पुढे बसायचं कोणी?”

खजिनदार म्हणाले, “मी सुचवतो, मूत्राशय लिहा. लगेच मंजूर करू.”

“कदापि नाही!” मी म्हटलं, आणि टेबलावर हात आपटला. नम्रतेच्या अर्जावर असा हात आपटणं शोभत नाही हे सेक्रेटरींनी नोंदवून घेतलं. अखेर असं ठरलं की अर्ज सूचनाफलकावर लावावा आणि मंडळीच्या हरकती मागवाव्यात.

मला हेच हवं होतं. रविवारी फलकापुढे गर्दी झाली. हेडमास्तर हात मागे बांधून, एखादा पेपर तपासावा तसा माझा अर्ज वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी फलकावरच्या शताब्दीच्या सूचनेकडे पाहिलं. मग पुन्हा अर्जाकडे. मग माझ्याकडे. चाळीस पोरांच्या वर्गात कॉपी पकडणारा माणूस तो.

“अस्सं,” ते म्हणाले. “बिशपसाहेब आत येतील ते मागच्या दारानं, नाही का?”

“मला काय ठाऊक,” मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मी रीतसर उशिरा पोचलो, तर शेवटच्या बाकावर माझ्या जागेवर हेडमास्तर! हात जोडलेले, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असा भाव की नम्रता ह्यांच्या आजोळची.

“ही माझी जागा,” मी कुजबुजलो.

“शेवटच्या जागेवर हक्क सांगू नये,” ते डोळे न उघडता म्हणाले. “अहंकार दिसतो.”

मी काही कमी नव्हतो. बाजूच्या खोलीतून घडीची खुर्ची आणली आणि त्यांच्या मागे टाकली. त्यांनी पुढच्या आठवड्यात घरून स्टूल आणलं आणि माझ्या मागे टाकलं. मी स्टुलाच्या मागे पायरीवर बसलो. ते उठून दाराबाहेर गेले. मग मीही गेलो. अशा रीतीनं एका रविवारी पाळकसाहेब ‘ऐक्य’ या विषयावर बोलत असताना आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात, एकमेकांपासून दोन हातांवर, चपलांच्या जोडासारखे बसलो होतो. आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं हेडमास्तरांनी खिशातून पेपरमिंटची पुडी काढली, एक स्वतः घेतली, एक न बघता माझ्याकडे केली.

“गीत कितवं चालू असेल?” त्यांनी विचारलं.

“शेवटून दुसरं.”

“तुम्ही नसलात की मला वेग आवरत नाही.” त्यांनी पुडी खिशात घातली. “आपण इथे नक्की काय करतोय?”

“नम्रता.”

“हो का? मला वाटलं, स्पर्धा.”

मला ते लागलं. मी पेपरमिंट कडकन फोडली.

आम्ही दोघं तिथेच शहाणे झालो असतो. पण अर्ज फलकावर होता आणि मंडळीला वाचता येत होतं. गायनवृंदातल्या ताई, ज्यांना एकटीनं गायची संधी नसेल तर सर्दी होते, त्या एके दिवशी शेवटून दुसऱ्या बाकावर येऊन बसल्या. खजिनदार आले. सेक्रेटरी आले, केवळ निरीक्षणासाठी. कंपाउंडर आले; म्हणाले, “आता मलाही होतंय.” पुढचे बाक ओस पडले आणि मागचे फुटायला आले. बिचाऱ्या तरुण आईला तर खजिनदारांनी स्वच्छ सांगितलं, “बाई, तुम्ही पुढे जाऊन बसा, आम्हाला जरा नम्र व्हायचंय.” ती मुलीला, पिशवीला आणि बिस्किटांना घेऊन पुढे गेली. तिच्यामागून बाकीच्या लेकुरवाळ्याही गेल्या. रिकाम्या पुढच्या भागात आता एवढीशी पोरं रांगत होती आणि त्यांच्यामध्ये, पंख्याखाली, माझी बायको. कोणाचं नाक पूस, कोणाला मांडीवर घे, असं तिचं चाललेलं. मला मागून फक्त तिचा अंबाडा दिसायचा.

पाळकसाहेब मवाळ मनाचे. लोक पुढे येत नाहीत तर आपण मागे जावं, असं त्यांच्या मनात आलं. एका रविवारी त्यांनी प्रवचनाचं मेज उचललं, तसेच मधल्या वाटेनं चालत आले आणि ते आमच्या बाकामागे, दाराशी ठेवून पुढच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आम्हाला फार बरं वाटलं. मग हेडमास्तरांचा चेहरा उतरला.

“अहो,” ते माझ्या कानात म्हणाले, “म्हणजे आता आपला बाक पहिला?”

हे त्यांनी हळू म्हटलं, पण हेडमास्तरांचं हळू मैदानापर्यंत जातं.  मग सगळे मागचे बाक एकदम उठले आणि पुढे, म्हणजे आता मागे, धावले. ताईंची पर्स खजिनदारांच्या बटणात अडकली. कंपाउंडर बाकांवरून आले. मी स्वतः कोणालाही ढकललं नाही. माझ्या पुढ्यात जे होते ते माझ्यामुळे थोडे लवकर पोचले, एवढंच. तिकडे बायकांनी आणि पोरांनी जागा सोडायला नकार दिला. माझी बायको तर उठलीही नाही. ती बसल्या जागी वळली, मेज कुठे आहे ते पाहिलं आणि मला म्हणाली, “काय हो, आग लागलीय का?”

घंटावाले वाटेत उभे राहून ओरडले, “आधी एक काय ते ठरवून सांगा! शेवट कुठला?”

त्याच संध्याकाळी पंचकमिटीची तातडीची सभा झाली. ठराव असा: मेज पूर्ववत जागी न्यावे; दाराजवळचा बाक हाच कायमस्वरूपी शेवटचा बाक समजावा; आणि पुन्हा वाद नको म्हणून त्याच्या पाठीवर रंगाऱ्याकडून ठळक अक्षरांत ‘शेवटचा’ असं लिहून घ्यावं. रंगाऱ्यानं तारखा दिल्या, मोडल्या, पुन्हा दिल्या. आमच्या रंगाऱ्याचं काम वेळेवर झालं असतं तर त्याला कोणी रंगारी म्हटलं नसतं.

शताब्दीचा दिवस उजाडला. मी दाढी करताना आरशात पाहून आभाराची प्रार्थना म्हणून घेतली. लहान होती, साधी होती, आणि तिच्यात ‘मी अपात्र’ हे शब्द तीनदा येत होते, प्रत्येक वेळी आवाज वेगळा. ठेवणीतला कोट घातला. उशिरा येण्याचा नियम त्या दिवसापुरता शिथिल आहे असं मी माझ्यापुरतं ठरवलं आणि घंटावाल्यांच्याही आधी पोचलो. शेवटचा बाक, कडेची जागा, दाराला लागून. पाठ टेकून ऐसपैस बसलो. थोडा वास येत होता. शंभर वर्षांच्या इमारतीला वास येणारच.

हेडमास्तर आले, मला पाहिलं, उसासा सोडला आणि शेजारी बसले. मागून सगळे नम्र येऊन दाटीवाटीनं बसले. पुढचे बाक लेकुरवाळ्यांनी आणि पोरांनी भरले.

बिशपसाहेब आले. ते मागच्या दारानं आलेच नाहीत. बाजूच्या दारानं आले. बारीक अंगाचे, अत्यंत मऊ आवाजाचे. माइकनं सकाळीच मान टाकली होती, त्यामुळे ते काय बोलताहेत हे मागे ओठांवरून ओळखावं लागत होतं. पुढची पोरं पाहून ते हरखले असावेत, कारण त्यांनी दोन्ही हात पसरले. पाळकसाहेबांनीही लाजून मान डोलावली, जणू त्यांचीच कल्पना. एक पोर रांगत जाऊन बिशपसाहेबांच्या झग्याला धरून उभं राहिलं. ते त्याला कडेवर घेऊनच बोलले. मग खाली वाकून पुढच्या बाकावर कोणाशी तरी दोन शब्द बोलले. आम्हाला काही ऐकू आलं नाही.

मग आभाराच्या प्रार्थनेची वेळ झाली. बिशपसाहेबांनी मान वर करून सगळ्या मंडळीवरून नजर फिरवली. पुढून मागे, बाकामागून बाक. नजर शेवटच्या बाकावर थांबली. त्यांनी हात वर केला आणि बोटानं खूण केली: पुढे या.

माझ्या छातीत घंटा वाजली. मी उठलो. हेडमास्तरही उठले. ताई उठल्या, त्यांचा घसा साफ करून झालेला होता. खजिनदार, सेक्रेटरी, कंपाउंडर, सगळेच उठले. बिशपसाहेबांनी गोंधळून मान हलवली आणि पुन्हा खूण केली: नाही, ते. कडेचे. दाराजवळचे.

मी!

सगळे बसले. ताई सगळ्यांत शेवटी बसल्या. हेडमास्तरांनी वर पाहिलं, आणि खरं सांगतो, त्या माणसाच्या डोळ्यांत मत्सर नव्हता. “जा,” ते म्हणाले. “आणि सावकाश म्हणा. वेग मी सांभाळतो.”

मी मधल्या वाटेनं चालू लागलो. ती वाट एवढी लांब असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ती संपू नये असंही वाटत होतं. मोठ्या साहेबांची बंद पडलेली गाडी आठवली, खिशातलं भाषण आठवलं, ती नवदांपत्याची चिठ्ठी आठवली. सगळ्यांची भरपाई आज होत होती. मागून कुजबुज सुरू झाली, मग दबलेले हुंदके. लोक इतके हेलावतील याची मला कल्पना नव्हती. “अहो, कोट! कोट!” असं हेडमास्तर घोगऱ्या आवाजात ओरडले, त्यांचाही कंठ दाटला असावा. (रंगारी आदल्या संध्याकाळी येऊन गेला होता. माझ्या पाठीवर ‘शेवटचा’ हा शब्द उलट्या, पण ठळक अक्षरांत उमटला होता. हे मला पुढे कळलं. मंडळीला माझ्याआधी कळलं.)

तरुण आईच्या मुलीनं मला ओळखलं आणि बिस्किट पुढे केलं. मी मंद हसलो. माझी बायको बाकावरून उठून उभी राहिली होती; मला वाटलं, मानानं. पायऱ्यांशी पोचल्यावर मी मान झुकवली आणि हात जोडले. पहिलं ‘मी अपात्र’ जिभेच्या टोकावर आलं होतं.

बिशपसाहेबांनी कडेवरचं पोर सावरलं, एक पायरी खाली उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या कानाशी वाकले. इतकं प्रेमळ माझ्याशी आजवर कोणी बोललेलं नाही.

“बंधू,” ते माझ्या बायकोकडे पाहून म्हणाले, “या भगिनी आता आभाराची प्रार्थना करताहेत, आणि बाहेर फार गडबड आहे हो. तेवढं ते मागचं दार लावून घ्याल का? आणि प्रार्थना संपेपर्यंत जरा धरूनच उभे राहा, त्याला कडी दिसत नाही.”